बूथपासून शंभर मीटर

शांतिसेनेत माझी पोस्टिंग ज्या देशात झाली, त्याचं नाव इथे लिहीत नाही. तिथली ती पहिलीच निवडणूक होती आणि तिथलं सैन्य एका पक्षाच्या पाठीशी उघड उभं होतं. मी सुभेदार. माझ्याकडे दहा जवान आणि एक बूथ, गावची शाळा.

बूथचा प्रमुख दारा, त्याच शाळेतला मास्तर. मी जवान शंभर मीटरवर उभे केले. दारा हसला.

"सुभेदार, मतपेटी चावते का?"

"आमच्याकडे फौजी मतपेटीजवळ फिरकत नाही. स्वतःचं मतसुद्धा टपालानं देतो."

त्याला हे इतकं आवडलं, की रांगेतल्या प्रत्येकाला तो ते सांगत सुटला. मीही फुशारलो, खोटं कशाला बोलू.

११.३५ ला ट्रक आला. आठ जण उतरले. अंगात साधे शर्ट, पायात फौजी बूट. रांग पांगली. ११.४० ला वॉकीटॉकीवर दारा बोलला.

"पेटीत गठ्ठे कोंबतायत. आत या. ओव्हर."

मी तळावरच्या आमच्या मेजरसाहेबांकडे वायरलेसवर परवानगी मागितली.

"वेट. आउट." म्हणजे थांबा, बोलणं संपलं.

११.४६ ला पुन्हा दारा. "सुभेदार, प्लीज."

हुकूम नव्हता, हे खरं. पण पाऊलही उचलत नव्हतं. फौजी बूथमध्ये जात नाही, ही वीस वर्षांची सवय. ११.५२ ला गोळीचा आवाज आला, तेव्हा मी धावलो. ट्रक निघून गेला होता. दारा पेटीवर पालथा पडला होता.

संध्याकाळी मेजरसाहेबांनी रिपोर्ट सांगितला, मी लिहिला. मतदान शांततेत. बूथ अधिकाऱ्याचा मृत्यू खासगी वैरातून. मदतीची मागणी नाही. निवडणूक पार पडली असं वरच्यांना दाखवायचं होतं. मी सही केली. ती जागा सैन्याच्या पक्षाला गेली. अशाच जागांच्या जोरावर तो आघाडी सरकारात शिरला आणि संरक्षण खातं घेऊन बसला.

निवृत्तीनंतर क्योतोला मुलीकडे, रेवतीकडे राहायला गेलो. मला तिथे चैन पडेना. तिथे वारागणिक वेगळा कचरा उचलतात; त्या पिशव्या वारांप्रमाणे लावायचं काम मी मागून घेतलं आणि त्या दोनदा तपासू लागलो.

एकदा रेवती म्हणाली, "बाबा, तुमच्या त्या देशातली एक मुलगी आमच्या विद्यापीठात पीएच.डी. करतेय. सैन्य आणि आघाडी सरकारं, असा विषय आहे. रविवारी तीनला येतेय तुम्हाला भेटायला."

लीन तीनला दहा कमी असताना सायकलवरून आली. तिने त्या रिपोर्टची झेरॉक्स टेबलावर ठेवली.

"ही सही तुमची?"

"हो."

"दारा माझा भाऊ. गावात म्हणतात, कुणाशी तरी भानगड होती म्हणून मेला. आई बाजारात जात नाही. त्यानं खरंच मदत मागितली नव्हती?"

मी उठलो, खिडकीपाशी गेलो, परत आलो, पुन्हा गेलो.

"बाबा, बसा ना," रेवती म्हणाली.

मला लाज वाटत होती. भीतीही, पेन्शनची आणि नावाची.

"दोनदा मागितली. ११.४० आणि ११.४६. मी शंभर मीटरवर होतो. गेलो नाही."

लीनने पेन पुढे केलं. "हे लिहून द्याल? नाव, रँक घालून?"

"बाबा, चौकशी लागेल," रेवती हळूच म्हणाली.

"लागू दे."

मी वेळांसकट सगळं लिहिलं. या वेळी मजकूर कुणी सांगितला नाही.

त्या पोस्टिंगवर तुमचं कोणी गेलं का, असं लोक विचारतात. माझे दहाही जवान धडधाकट घरी परतले, म्हणून पूर्वी मी "कोणी नाही" म्हणायचो. आता सांगतो, एक गेला. दारा मास्तर, ड्यूटीवर.