माहेरचा रकाना

सुमनकाकू समोरच्याचं नाव विचारायच्या आधी माहेर विचारत. बाई असेल तर तिचं, पुरुष असेल तर त्याच्या बायकोचं, आणि लग्न व्हायचं असेल तर आईचं. माझ्या ऑफिसात पहिल्यांदा आल्या तेव्हा चपला दारात काढून थेट म्हणाल्या, "तुझं माहेर कुठलं गं?" मी म्हटलं, पालघर. त्यांनी माझ्याकडे फार कीव आल्यासारखं पाहिलं. "बोईसरला दिलीय आणि माहेर पालघर? ते काय माहेर झालं? एक टेशन मधी लागतंय."

ऑफिस म्हणजे बोईसरला एका मोबाईल दुरुस्तीच्या दुकानाच्या डोक्यावरची दहा बाय दहाची खोली. लहान धंदेवाल्यांना इंटरनेटवर दुकान थाटून द्यायचं, हा माझा उद्योग. सॉफ्टवेअर तयारच मिळतं. आपण फक्त फोटो चढवायचे, भाव लिहायचे, कुरियर जोडून द्यायचं आणि दुकानदाराला बटणं शिकवायची. यातलं शेवटचं काम सर्वांत अवघड, हे मला काकूंनी शिकवलं.

काकू बोईसरजवळ सालवडला राहायच्या. मूळ गाव तासगावच्या बाजूचं. लग्न होऊन इकडे आल्याला बावीस वर्षं झाली होती, पण बोली जराही पातळ झाली नव्हती. काका एका रंगाच्या कंपनीत बॉयलरवर होते. त्या वर्षी होळीनंतर कंपनीने गाशा गुंडाळला आणि काका घरी बसले. गावाकडे भावाची शेती होती. काकांनी ठरवून टाकलं, मृगाच्या आत गावाला जायचं, पेरणीला दोन हात होतील.

काकूंना जायचं नव्हतं. का, ते त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. "गावात मला समदी 'धाकटी' म्हंत्यात. धाकट्याची बायकू म्हणून धाकटी. सासू गेली, जाऊ म्हातारी झाली, तरी मी धाकटीच. हितं नळावरच्या बायका मला सुमन म्हंत्यात." त्यांनी नवऱ्याकडून मृगापर्यंतची मुदत मागून घेतली होती. वर्षाचा मसाला करायचे दिवस होते. या दिवसांत त्यांचं मसाल्याचं दुकान चाललं तर सालवडला राहायचं, नाही तर गाठोडं बांधायचं. काका हो म्हणाले, पण माळ्यावरच्या ट्रंका त्यांनी खाली काढून ठेवल्या होत्या.

मसाला करायची काकूंची पद्धत त्या प्रश्नातूनच आलेली. सालवडच्या चाळींमध्ये सगळ्या महाराष्ट्रातून आलेली माणसं. काकू माहेर विचारायच्या आणि त्यावरून मिरची ठरवायच्या. साताऱ्याची, सांगलीची असेल तर कांदा-लसूण. धुळे, जळगावची असेल तर खोबरं काळं होईपर्यंत भाजायचं. सोलापूरची असेल तर काळा मसाला, चिंचणीच्या कोळणीला तिच्या कालवणाचा वेगळा. "लगीन झालं की बाईचं आडनाव बदलतंय, गाव बदलतंय. जीभ न्हाई बदलत," असं त्या म्हणत. सासरच्या जिभेचं काय, असं मी एकदा विचारलं. "तिची काळजी करायला ती सासू हाय की," म्हणाल्या.

त्यामुळे दुकानाच्या ऑर्डरीच्या फॉर्मात नाव, पत्ता आणि फोन यांच्याही वर एक रकाना आला: माहेर. तोही अनिवार्य. भरला नाही तर सॉफ्टवेअर पुढे सरकू देईना, लाल अक्षरांत दटावायचं. मी त्यांना परोपरीने सांगितलं की लोकांना असं काही विचारलेलं आवडत नाही. "मग त्यांनी दुसरीकडं घ्यावा," काकू म्हणाल्या.

तारापूरच्या कॉलनीतल्या एका गृहस्थांनी त्या रकान्यात चिडून लिहिलं, 'मी पुरुष आहे.' काकूंनी त्यांना फोन लावला. "मग बायकूचं लिवा की. सैपाक काय तुमी करता व्हय?" पलीकडून आवाज आला, "हो, मीच करतो." काकू लगेच म्हणाल्या, "भलं झालं. आईचं माहेर सांगा."

बटणं शिकवणं हा वेगळाच अध्याय. मला त्यांच्या दुकानात शिरायचं तर त्यांच्या मोबाईलवर ओटीपी जायचा. मी फोनवर विचारला की काकू म्हणत, "बँकेनं सांगिटलंय, कुणाला सांगायचा न्हाई." मी म्हणायची, अहो मी तुमचीच आहे. "तू कुणी न्हाईस व्हय?" असं म्हणून त्या सालवडहून रिक्षा करून येत, माझ्या खुर्चीत बसत आणि स्वतःच्या बोटाने आकडे दाबत. तोवर ओटीपीची मुदत संपलेली असायची. मग नवा मागवायचा, मध्ये चहा व्हायचा.

सॉफ्टवेअरमध्ये एक यादी असते. सामान पिशवीत भरून पैसे न देताच निघून गेलेल्या गिऱ्हाइकांची. धंदेवाले अशांना एखादा ठरावीक मेसेज पाठवून देतात. काकूंनी यादी पाहिली आणि कपाळाला हात लावला. "अगं, ही तर ताटावरनं उठून गेली की!" मग एकेकाला फोन. "आमचं काय चुकलं का? भाव जास्त वाटला, का कुणी बोललं?" निम्मे लोक तर ओशाळून ऑर्डर पुरी करायचे. एका बाईने पाचापैकी चार चांदण्या दिल्या तर तिलाही फोन गेला, "पाचवी कशात गेली, मिठात का तेलात?"

काका या सगळ्यात एका बाजूला बसून पाकिटं बांधायचे. बॉयलरवरचा माणूस, गळती म्हणजे काय ते त्यांना पक्कं ठाऊक. चिकटपट्टीचे इतके वेढे घालत की एका गिऱ्हाइकाने पाकीट उघडायला सुताराला बोलावल्याचं कळवलं. बोलायचे मात्र नाहीत. मृगाला किती दिवस उरले एवढं कॅलेंडरवर बघायचे.

आणि दिवस भराभर चालले होते. ऑर्डरी येत होत्या, पण दिवसाला दोन, फार तर तीन. मे महिना अर्धा सरला. मी दुकानाचे आकडे उघडून बसले तर स्पष्ट दिसत होतं: लोक येतात, मसाला पिशवीत टाकतात, फॉर्मापाशी पोचतात आणि माहेरच्या रकान्यावरून परत फिरतात. मला काकू जायला नको होत्या. तोवर त्यांच्यावर माझा जीव जडला होता, हे सरळच सांगते. म्हणून मी शहाणपणा केला. त्यांना न विचारता तो रकाना काढून टाकला आणि सगळ्यांना सरसकट कांदा-लसूण मसाला लावून दिला.

पाच दिवसांत साठच्या वर ऑर्डरी आल्या. मी पत्त्यांची लेबलं छापली, पेढे घेतले आणि नाचत सालवडला गेले. काकूंनी पेढा बाजूला ठेवला, चष्मा लावला आणि लेबलं चाळली.

"माहेर कुठाय?"

"काढलं," मी म्हटलं. "बघा ना किती ऑर्डरी आल्या!"

"पर ही माणसं कोण हायेत?"

मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी एक लेबल उचललं. "ही पाटील बघ. आता ही कोल्हापूरची का जळगावची? जळगावची असली, तर भरताच्या वांग्यात माझा कांदा-लसूण घालंल, एकदा खाईल, गप बसंल. भांडायला बी येणार न्हाई. परत बी येणार न्हाई." आणि लेबलांचा गठ्ठा माझ्या मांडीवर ठेवला. "मी पाठवायची न्हाई."

मी चिडले. मृगाला पंधरा-सोळा दिवस राहिलेत, तुमच्या हट्टापायी दुकान बुडेल, मग बसा गावाला धाकटी म्हणून, असं तोंडाला येईल ते बोलून गेले. काकू खाली मान घालून पदराचं टोक चाचपत राहिल्या. मला स्वतःची लाज वाटली.

तेवढ्यात काका उठले. ट्रंकेतून कंपनीतली जुनी पाळीची वही काढली, तिच्या कोऱ्या पानावर रेघा आखल्या, एका रकान्यावर 'नाव' आणि दुसऱ्यावर 'माहेर' असं लिहिलं आणि म्हणाले, "लाव फोन."

तीन दिवस आम्ही फोन लावत होतो. मी नंबर दाबायचा, काकूंनी बोलायचं, काकांनी लिहायचं. पहिल्या चार जणांनी फसवणूक समजून फोन कापला. "बँकंतनं न्हाई ताई, सालवडहून बोलतीया, मसालेवाली," असं सुरुवातीलाच सांगायचं ठरलं तेव्हा गाडी रुळावर आली. सात-आठ जणांनी कटकट नको म्हणून ऑर्डर रद्द केली. एका आजोबांनी आईचं माहेर आठवत नाही म्हणून पुण्याच्या बहिणीला विचारून उलट फोन केला. पालघरच्या नव्या इमारतींमधल्या एका बाईने माहेर विचारल्यावर आधी टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाली, "अमळनेर. फार वर्षांनी विचारलं हो कुणी." काकूंनी मला खूण केली, पुढचा नंबर लावू नको. अर्धा तास त्या दोघी अमळनेरच्या बाजारावर बोलत होत्या. काकू जन्मात अमळनेरला गेल्या नव्हत्या.

साठातली निम्म्याहून जास्त माणसं कांदा-लसूणवाली नव्हतीच. काकूंनी पुन्हा खोबरं भाजलं, पुन्हा डंकावर जाऊन मसाला कांडून आणला आणि पाकिटं उशिराने गेली. मी आता दुकान बुडालंच असं धरून चालले होते. आठवड्याभरात अमळनेरच्या त्या बाईच्या भिशीतल्या अकरा जणींच्या ऑर्डरी आल्या, एका दिवशी. मग आजोबांच्या पुण्याच्या बहिणीची. मग कुणाच्या नणंदेची, कुणाच्या शेजारणीची. ज्याला ज्याला फोन गेला होता तो आणखी कुणाला तरी घेऊन आला.

रकाना मी परत बसवला. काकूंनीही एक पाऊल मागे घेतलं, अनिवार्यची अट सोडली. 'माहेर कुठलं? सांगायचं असलं तर सांगा,' असं त्यांच्याच शब्दांत लिहिलं. गंमत म्हणजे सक्ती गेल्यावर लोक जास्तच भरायला लागले. कुणी नदीचं नाव लिही, कुणी यात्रेचं. शेवटी मला तो रकाना रुंद करून घ्यावा लागला.

मृग निघाला तेव्हा काकांनी भावाला फोन केला. "यंदा पेरणीला माणूस बघ," एवढंच म्हणाले आणि ट्रंका पुन्हा माळ्यावर चढवल्या. काकूंनी त्या दिवशी मला साडी नेसवली. मी पँट घालून गेले होते, तरी तिच्यावरूनच नेसवली.

पुढची तीन वर्षं दुकान नीट चाललं. माझंही बस्तान बसलं. काकूंनी नळावरच्या चार जणींना हाताशी घेतलं, आणि प्रत्येकीला माझ्याकडे पिटाळून कुणाचं लोणच्याचं, कुणाचं गोधड्यांचं दुकान उघडायला लावलं. कुणीही नवीन गिऱ्हाईक आलं की मी आधी त्याची चौकशी करते, मग दर सांगते. ही सवय त्यांची.

मग एका सकाळी काकू आल्या, चपला काढल्या आणि म्हणाल्या, "पत्ता बदलायचाय. गावाला चाललोय."

 दुकान तर छान चाललंय, काकांनी पुन्हा हट्ट धरला का, मी विचारलं.

"तीन वर्सात गावाचा एक शब्द बोललं न्हाईत ते. म्हणूनच." थोडं थांबून म्हणाल्या, "तिथं मिरची दारात हाय. वाळवायला अंगण हाय. दिराची गोठ्यामागची खोली रिकामी हाय. तवा मला नेत हुते गं. आता मी निघालीया."

माझे डोळे भरून आले. त्यांनी माझ्या पाठीत एक धपाटा घातला. "दुकान तर तुझ्याच डब्यात हाय की. मी कुठं चाललीया?" ते खरंच होतं. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने काकू कुठेच जात नव्हत्या. कुरियरवाल्याने माल कुठून उचलायचा, तेवढी एक ओळ बदलायची होती.

मी ओळ बदलली. गाव, तालुका, पिन कोड. पाठवणाऱ्याच्या नावापाशी थांबले. तिकडे घरांना नंबर नसतात, सगळा कारभार माणसाच्या नावावर. "काकांचं नाव टाकू का? कुरियरवाल्याला घर लगेच सापडेल."

"न्हाई," काकू म्हणाल्या. "सुमन मोहिते लिव. सुमन मोहिते मसालेवाली."

तसं लिहिलं. ओटीपी आला, तो त्यांनी स्वतः दाबला. दोन दिवसांनी गेल्या.

आठवड्याने मला तासगावकडच्या कुरियरच्या माणसाचा फोन आला. दुकानावर संपर्काला नंबर अजून माझाच होता. उन्हात फिरून वैतागलेला वाटला. "मॅडम, पाच घरं इचारली. सुमन मोहिते म्हणून गावात कुणी न्हाईच म्हंत्यात."

काकांचं नाव माझ्या ओठावर आलं होतं. ते सांगितलं असतं तर तो दोन मिनिटांत दारात उभा राहिला असता.

"आहेत," मी म्हटलं. "सहाव्या घरी विचारा. नाही म्हणाले तर सातव्या. सगळ्या गावात विचारा."