सरकारला उसने देणारी बाई

अहमदपूरहून नांदेडला जाताना एसटीत माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. हसू आलं की पदरानं चष्मा पुसायची त्यांना सवय होती आणि अहमदपूरपासून त्या चष्माच पुसत होत्या.

मीही नुकताच निवृत्त झालो होतो. हातात आलेले पैसे कुठे ठेवावेत या काळजीनं माझी झोप उडाली होती. बोलता बोलता मी ते त्यांना सांगितलं.

"मी सरकारी बाँड घेतलेत, भाऊ," त्या म्हणाल्या. "जन्मभर सरकारनं मला पगार दिला, आता मीच सरकारला उसने देऊन राहिले. सहा महिन्याला व्याज येतंय. मुदत संपली की मुद्दल परत."

"पण बाँडचे भाव पडतात म्हणे?"

"पडतात की. व्याजदर वाढले की जुन्या बाँडचा भाव उतरतो. पोरगा म्हणला, विकून टाक. पण मला मुदतीआधी विकायचंच न्हाई, मग भावाचं काय? अडीनडीचे पैसे बँकेत येगळे हायेत."

"आणि व्याजाचं काय करता?"

"बहिणीला घेऊन फिरते. लग्नं झाल्यावर आम्ही दोघी एकत्र राहिलोच न्हाई."

नांदेडच्या स्टँडवर बहीण पिशवी घेऊन उभी होती. वेरूळला निघालेल्या त्या दोघी हात धरून गाडीकडे पळाल्या.

मी तिथंच बाकावर बसून बायकोला फोन लावला. "तुला कुठं जायचं राहिलंय गं?"

ती म्हणाली, "एकच सांगू, का लई सांगू?"