फादर आणि 'फेल'

फादर चिडले की आधी चष्मा काढून टेबलावर ठेवत आणि मगच ओरडत. समोरच्याचा चेहरा दिसला की दया येते, म्हणून ही व्यवस्था, असं तेच सांगत. जोगेश्वरीजवळच्या गावठाणातला हा ख्रिस्ती गृहस्थ चांगला चार मुलांचा बाप होता. पण पांढरा सदरा आणि रोजचं प्रवचन यांमुळे अंधेरीतल्या आमच्या साप्ताहिकात त्यांना सगळे फादरच म्हणत. इंग्रजी पत्रकांचं मराठी करणं हे आम्हा दोघांचं काम होतं.

'फेल' या शब्दावर त्यांचा विशेष राग. शाळेतलं पोर फेल झालं तर नापास लिहून मोकळं होता येतं, पण बातमीत हा शब्द माणसांना लपवायला वापरतात, असं त्यांचं म्हणणं. एकदा एका संपातली बोलणी फेल झाली आणि मी 'बोलणी अयशस्वी' असं लिहिलं. चष्मा टेबलावर गेला.

"अयशस्वी म्हणजे काय रे? मालक उठून गेला की कामगार? जो उठला त्याचं नाव घाल ना."

खडीच्या लॉरीचा ब्रेक फेल झाला, तेव्हा ती शेवटची कधी तपासली होती ते मालकाला विचारून यायला लावलं. फक्त पाऊस फेल झाला तेव्हा म्हणाले, "इथं कोणाला धरू नकोस. पावसाने दडी मारली, असं लिही."

एका शुक्रवारी रंगाच्या कारखान्यातून पत्रक आलं. टाकी साफ करताना एका कामगाराचं हार्ट फेल झालं होतं. मी पाच मिनिटांत 'हृदय बंद पडून निधन' असं मराठी केलं.

"हार्ट सगळ्यांचंच फेल होतं, बाबा," फादर म्हणाले. "तुझंही होईल, माझंही. का झालं ते विचारलंस?"

मी विचारलं नव्हतं. ते स्वतः त्या माणसाच्या खोलीवर गेले. त्याला ओढून बाहेर काढणारे दोघेही चक्कर येऊन पडले होते, हे त्यांना तिथे कळलं. टाकीत विषारी वायू साठला होता. परत येऊन त्यांनी तसं लिहिलं.

कारखान्याची जाहिरात आमच्या शेवटच्या पानावर असे. आमचे मालक म्हणाले, "पत्रकात आहे तेवढंच छापा."

"शेठ, सोमवारी त्याच टाकीत दुसरा उतरणार आहे. उद्या छापून आलं तर सरकारी इन्स्पेक्टर टाकी बंद करील."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमचं तयार आहे ना?"

तयार होतं. मी ते खणातून काढून दिलं. कोणी माझा हात पिरगळला नव्हता.

फादर छत्री घेऊन निघाले ते पुन्हा कचेरीत आले नाहीत. सोमवारी सकाळी कारखान्याच्या फाटकावर उभे राहून त्यांनी कामगारांना सांगून पाहिलं. दरवानाने त्यांना हाकललं. दुसरा माणूस टाकीत उतरला. तो जगला, पण पुन्हा कामाचा राहिला नाही. त्याचं तर पत्रकही आलं नाही.

पुढे अंधेरीच्या मासळीबाजारात फादर अधूनमधून भेटत. माझ्या मुलीचा अभ्यास विचारत. त्या टाकीबद्दल एक अक्षर कधी बोलले नाहीत, याचा मला आजही संताप येतो. चारचौघांत माझी गचांडी धरायला हवी होती त्यांनी. ते माझ्यासाठी ताजे बोंबील निवडत बसले.