काकडाशिवाय शेवळं

मी पस्तीस वर्षं शाळेत शास्त्र शिकवलं. प्रयोगाच्या वहीत ज्यानं साहित्य अर्धवट लिहिलं त्याचा अर्धा गुण मी कापत असे, आणि तो रडला तरी परत देत नसे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात स्वतःला किती गुण द्यायचे हे माझं अजून ठरलेलं नाही.

आमच्या कर्जत-खालापूरकडे पावसाच्या आधीचे दोन-तीन आठवडे शेवळं मिळतात. डोंगराच्या उतारावर पाचोळ्यातून जांभळट कोंब वर येतो, त्याची भाजी होते, आणि ती आवडणारी माणसं त्या दिवसांत दुसरं काही बोलत नाहीत. एकच भानगड आहे. नुसती शिजवली तर घशाला अशी खाज सुटते की माणूस तक्रार करण्याच्याही अवस्थेत राहत नाही. म्हणून त्यात काकडं घालतात. काकडं म्हणजे बोराएवढी हिरवी, आंबट फळं. ती ठेचून रस भाजीत घातला की खाज मरते. विकणारी बाई शेवळाच्या जुडीशेजारी काकडाचा वाटा मांडते आणि आपण दोन्ही उचलायचं असतं. हे मला कोणी शिकवल्याचं आठवत नाही.

मला शेवळं देणारी बाई वरच्या ठाकरवाडीतली, माझ्याच वयाची. तीस-बत्तीस वर्षं ती दहिवलीला माझ्या दारात येते आहे. मी तिचं आडनाव विचारलेलं नाही, तिनं माझं. ती मला ‘बाई’ म्हणते, मी तिला ‘अगं’ म्हणते, एवढ्यावर सगळं चाललं आहे. तिच्या टोपलीला निळी दोरी आहे आणि डाव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाचं वरचं पेर नाही. या दोन्ही गोष्टी मला सारख्याच माहीत होत्या.

अलीकडे तिला चांगली जागा मिळाली होती. नदीच्या बाजूला टॉवरांची मोठी सोसायटी झाली, तिच्या गेटजवळ भिंतीच्या सावलीत ती सकाळी बसायची. आधी शेवळं, मग पावसातला टाकळा, कुलूची भाजी, पुढे करटुली, अशा रानभाज्या. वरून उतरायचं, दहापर्यंत टोपली रिकामी करायची आणि परत चढायचं. बाजारात जागेसाठी भांडावं लागत नव्हतं. त्या जागेवर ती खूश होती.

आता माझ्याबद्दल सांगते. शेवळांच्या दिवसांत माझे जुने विद्यार्थी, शेजारणी, टॉवरमधल्या ओळखीच्या बायका सगळे मला कृती विचारतात. मी लिहून पाठवते, ते वाचत नाहीत आणि पुन्हा विचारतात. गेल्या वर्षी माझी मुलगी सुट्टीला आली होती. ती पुण्यात जाहिरातींच्या कंपनीत आहे. तिनं मला एक साधन दाखवलं: आपण काय हवं ते लिहायचं आणि यंत्र त्याचा व्हिडिओ करून देतं, आठ-आठ सेकंदांचा. कॅमेरा नको, स्वयंपाकघर नको, स्वयंपाकही नको.

“शिक, पण फार जीव लावू नकोस,” ती म्हणाली. “तू शिकेपर्यंत बंद होईल.”

तिच्या ऑफिसात वर्षभरात असं तिसरं साधन चालू होतं. पहिलं महाग झालं, दुसरं कुणीतरी विकत घेऊन गुंडाळलं, तिसऱ्यावर कोर्टकचेरी चालू होती. ही साधनं माणसांच्या नोकऱ्या आधी खाणार की त्याआधी स्वतःच मरणार, हे तिच्या साहेबालाही सांगता येत नव्हतं. त्यानं दोन्ही शक्यता धरून तिची पगारवाढ थांबवली होती.

मी मात्र जीव लावला. खरं कारण सांगायचं तर माझ्या ओट्यामागच्या फरशा तेलकट आहेत आणि माझे हात म्हातारे झालेत. यंत्राला फरशा स्वच्छ करायला सांगितल्या, त्यानं केल्या. हात तरुण मागितले, हिरव्या बांगड्या मागितल्या. पहिल्यांदा सहा बोटं आली, म्हणून मी लिहिलं, ‘पाचही बोटं नीट असलेला सुंदर हात’. तोही आला. शेवळं काही केल्या जमेनात. मग मी टोपलीतल्या जुडीचा फोटो दिला आणि ती हुबेहूब आली. आवाजसुद्धा यंत्राचाच, गोड, माझ्या आयुष्यात मी ज्या आवाजात कधीच बोलले नाही तसा.

काकडाशी मात्र फोटो देऊनही यंत्राचं जमलं नाही. एकदा द्राक्षं आली. एकदा वाटाणे आले आणि ते आपोआप वाटीत चढले. तेवढ्यात रोज मिळणारे फुकटचे व्हिडिओ त्या दिवसापुरते संपले. मी विचार केला, काकडं घालायची हे का कुणाला सांगावं लागतं? तो तुकडा वगळला आणि व्हिडिओ पाठवून दिला.

पस्तीस वर्षं शास्त्र शिकवलेल्या बाईनं हे केलं.

व्हिडिओ छान झाला होता, त्यामुळे तो फिरला. माझ्या ग्रुपवरून दुसऱ्या, तिथून टॉवरच्या ग्रुपवर. माझं नाव पहिल्याच उडीत गळलं. टॉवरमधली मंडळी ठाण्या-मुंबईकडून आलेली, बहुतेकांनी शेवळं जन्मात पाहिली नव्हती. ती व्हिडिओ बघून खाली उतरली आणि गेटवर जुड्या घेतल्या. बाई काकडं पुढे करायची तर लोक म्हणायचे, नको, व्हिडिओत नाहीयेत. एक जण तर म्हणाली, म्हणे, की उगाच जास्तीचं गळ्यात मारू नकोस.

त्या रविवारी दुपारी सोसायटीत किती घशांना खाज सुटली याचा आकडा मला माहीत नाही. दोघांना डॉक्टरकडे नेलं, त्यांनी गोळी दिली आणि ते बरे झाले. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर ठरलं की आदिवासी बाई विषारी गवत विकते. सोमवारपासून वॉचमननं तिला गेटजवळ बसू दिलं नाही.

ती माझ्या दारात आली ती भरलेली टोपली घेऊन.

“बाई, तिकडं बसू देत नाय. म्हंतात, तू ईख विकतीस. मी काय केलं?”

“काही नाही केलंस गं,” मी म्हणाले आणि सगळी टोपली घेतली. व्हिडिओचं बोलले नाही. बोलायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं, पण मी शेवळं मोजत राहिले.

त्याच आठवड्यात मला त्या साधनाचं पत्र आलं. सेवा महिनाअखेरीस बंद होत आहे, आपण दिलेल्या सोबतीबद्दल आभार, आपली खाती आणि त्यातलं सर्व काही पुसलं जाईल. मुलीला फोन केला तर ती म्हणाली, “सांगितलं होतं ना.” तिच्या ऑफिसात त्या दिवशी चौथं साधन आलं होतं.

मला त्या पत्रानं हायसं वाटलं, हे कबूल करते. मला वाटलं, यंत्रच गेलं की त्याचा व्हिडिओही जाईल, लोक विसरतील, बाई आपोआप पुन्हा गेटवर बसेल आणि मला कुणापुढे काही सांगावं लागणार नाही. शाळेतला प्रोजेक्टर बिघडला तेव्हा त्याच्या पट्ट्या कुणी पुन्हा पाहिल्या नव्हत्या. त्या हिशेबानं मी उरलेला महिना काढला. महिना संपला, माझं खातं उघडेना, आणि दुसऱ्याच दिवशी पोशीरहून माझ्या चुलतभावानं मला तोच व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘बघ, किती सोपी कृती.’ करणारं मेलं होतं आणि केलेलं मजेत हिंडत होतं.

तेव्हा मात्र मला स्वतःची शिसारी आली. मी सोसायटीच्या सेक्रेटरीकडे गेले. कुंभिवलीच्या बाजूच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेला गृहस्थ, स्वभावानं वाईट नव्हे. मी म्हटलं, व्हिडिओ मी केला, चूक माझी, त्या बाईला बसू द्या.

त्यानं फोन काढून व्हिडिओ पाहिला, मग माझे हात पाहिले.

“मॅडम, ह्या बाई तिशीच्या आहेत.”

“त्या बाई नाहीतच. यंत्रानं केल्यात.”

“मग यंत्रात दाखवा.”

“यंत्र बंद पडलं.”

तो सहानुभूतीनं हसला. गरीब बाईसाठी निवृत्त शिक्षिका खोटं बोलते आहे, असा त्याचा समज झाला आणि त्याबद्दल त्याला माझा आदरही वाटला. आयुष्यात पहिल्यांदा मी गुन्हा कबूल केला होता आणि तो कुणी घेत नव्हतं. शेवटी तो म्हणाला, “असं करा, काकडं घालून केलेला व्हिडिओ टाका. आमच्या ग्रुपवर कुणी वाचत नाही हो.”

म्हणून मी बाईला घरी बोलावलं आणि आधी सगळं सांगितलं. व्हिडिओ दाखवला. तिनं तो दोनदा पाहिला.

“हिनं हाताला तेल नाय लावलं. पिवळं बोंड बी नाय काढलं. कोन हाय ही?”

“कोणीच नाही.”

“मंग हे खाल्लं कोनी?”

“कोणीच नाही.”

“आन केलं कोनी?”

“मी.”

तिनं फोन परत माझ्याकडे दिला. मग एवढंच म्हणाली, “तुमाला तर काकडाचं ठावं हाय, बाई.” मी मान खाली घातली. त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही, आणि काढला असता तर बरं झालं असतं.

हंगाम संपलाच होता, पण ती डोंगरावरच्या सावलीतून शेवटची दोन जुड्या शेवळं आणि मूठभर काकडं घेऊन आली. मी फोन डब्याला टेकवला आणि तेलकट फरशांसमोर आम्ही भाजी केली. तिनं सोललं, पिवळं काढून टाकलं, काकडं ठेचली, मी फोडणी दिली. दोघींनी खाऊन दाखवलं. माझा आवाज चिडका येतो, हे मला त्या दिवशी समजलं. व्हिडिओ अकरा मिनिटांचा झाला. मी तो सेक्रेटरीला पाठवला आणि त्यानं ग्रुपवर टाकला.

पहिलं उत्तर दोन मिनिटांत आलं. ‘हा एआयचा आहे, बोट बघा.’ दुसरं आलं, ‘बरोबर, एआयला बोटं जमत नाहीत.’ कुणीतरी तिचा काकडं ठेचतानाचा हात मोठा करून, अर्ध्या बोटाभोवती लाल गोल काढून टाकला. खाली हसरे चेहरे. पहिल्या व्हिडिओत पाचही बोटं नीट होती, म्हणून तो खरा. ती बोटं मीच मागून घेतली होती.

मला राग आला. राग आला की मी शाळेत कशी दिसायचे ते विद्यार्थी सांगतील. रविवारी सकाळी मी बाईला घेऊन थेट सोसायटीच्या कार्यालयात गेले. सेक्रेटरी टेबलाशी बसला होता.

“हात दाखव गं,” मी म्हटलं.

तिनं डावा हात टेबलावर ठेवला. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग हाताकडे, आणि मोजलं. मोजताना त्याचे ओठ हलत होते. नंतर त्यानं चष्मा काढला, उगाच पुसला आणि वॉचमनला फोन करून सांगितलं की या उद्यापासून बसतील. चहा घेणार का, असंही विचारलं. चहा आम्ही घेतला नाही. ती हात अजून टेबलावरच ठेवून होती. उचलायचा का, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आपली चूक निस्तरायला मी तिचा तुटका हात पुरावा म्हणून मांडला, याची मला तेव्हा लाज वाटली आणि आजही वाटते.

बाहेर येऊन तिनं आपली जागा पाहिली, भिंतीजवळचा कचरा पायानं बाजूला केला. मी उभी होते. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, “हे बोट कशानं गं गेलं?”

“कोयत्यानं.”

“कधी?”

“तुमच्या पोरीच्या बारशाला तुमी केळीची पानं सांगितली व्हती ना शंभर, तेवा. घाई व्हती.”

तिच्या आवाजात काही नव्हतं. टोपलीची दोरी कधी बदलली हे सांगावं तसं तिनं सांगितलं.

“पण पानं तर आली होती,” मी म्हणाले.

“आली ना. येळेवर आनली. फडकं बांधलं नि आनली.”

पानं आली होती, मला आठवतं. त्यातली दोन फाटकी निघाली म्हणून मी तिला दारातच बोलले होते.