कागदातली नथ

काळ्या कार्डशीटचं नवं पाकीट उघडलं की त्या वासाने माझं डोकं अजून तापतं.

कॉलेजात असताना मी लोधीपुऱ्यातल्या आमच्या घरी फोटो समोर ठेवून ब्लेड-कात्रीने कागदात चेहरे कापायचे. धाकटे काका वारले, तेव्हा त्यांच्या लग्नाच्या फोटोवरून मी काका-काकूंचं चित्र कापलं, काकूला द्यायला. तिच्या नथीचे मोती केसाएवढ्या कागदावर तोलून धरले होते. तीन दिवस लागले.

तेराव्याच्या दुपारी मी ते तिच्या हातात दिलं. तिने नथीवरून बोट फिरवलं. तेवढ्यात मोठ्या काकांनी ते ओढून घेतलं. "आता नथ कशाला दाखवते? सगळं उतरलं ना तिचं!" असं म्हणत त्यांनी माझीच कात्री उचलली आणि नथ कापून टाकली. नथीबरोबर नाकही गेलं.

मी किंचाळले, "तीन दिवसांची मेहनत होती माझी! सगळी बरबाद केली तुम्ही!" बाबांनी दटावलं तरी मी थांबले नाही. मोठ्या काकांना घरात असं कुणी कधी बोललं नव्हतं. कितीतरी वर्षं मला त्याचा अभिमान वाटायचा.

आता संताप येतो, आणि तो एकट्या मोठ्या काकांवर नाही. त्या दुपारी सगळे पांगल्यावर काकूने खाली पडलेला कागद उचलला आणि शांतपणे मला जे विचारलं, ते मी तेव्हा कानाआड केलं होतं: "कागदासाठी इतकी बोलली गं तू. त्या दिवशी तुझ्यासमोर माझ्या हातातल्या बांगड्या फोडल्या, तेव्हा का नाही बोलली?"