न विरघळलेली साखर

डॉक्टरनं काचपट्टीवर थुंकावं, हे कुणाला सांगितलं तर लॅबचा परवाना जायचा. मी थुंकले. मीरा रोडच्या आमच्या छोट्या लॅबमधलं, साखर विरघळवणारं एन्झाइम खराब झालं होतं आणि नवी बाटली उद्या येणार होती. उद्यापर्यंत मला धीर नव्हता.

बाहेर बाकावर उत्तनची एक कोळीण बसली होती. तिच्या दहावीतल्या मुलीला झटके येत होते, हातातला कप उडून पडायचा, पाठ असलेलंही आठवेनासं झालं होतं. मेंदूच्या डॉक्टरांना संशय होता, की तिच्या चेतापेशींत बिघडलेल्या साखरेचे गोळे साचताहेत. त्यासाठी मेंदू कुणी कापत नाही. तेच गोळे घामाच्या ग्रंथींतही सापडतात, म्हणून हाताच्या कातडीचा तुकडा माझ्याकडे आला होता.

रंग दिल्यावर पेशींत गडद गुलाबी ठिपके दिसले. पण पेशींत साठलेली साधी साखरही तशीच गुलाबी दिसते. ती लाळेनंही विरघळते, ते गोळे विरघळत नाहीत. आणि गोळेच निघाले, तर त्या आजाराला इलाज नाही. खात्री करायला त्याच तुकड्याच्या दुसऱ्या पट्टीवर लाळ.

ती मुरेपर्यंत मी चहावाल्यावर उगाच खेकसले, रस्त्यावरच्या हॉर्नवाल्यांचा उद्धार केला. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. "विरघळ की गं बाई," मी त्या पट्टीला चक्क मोठ्यानं म्हणाले.

पट्टी धुतली, रंगवली, सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. आजूबाजूचा फिका गुलाबी रंग साफ गेला होता. गोळे जागच्या जागी होते, गोल, मधोमध गडद. मी दोनदा भिंग फिरवून बघितलं.

न बोलावता मुलीची आई दारात आली.

"दिसला काय, बाई?"

मी सांगितलं. तिला बघायचं होतं. मी खुर्ची दिली. एक डोळा मिटून ती कितीतरी वेळ बघत राहिली.

"येवढासाच हाय? मंग सुईनं काढून टाका ना. आमी कोलंबीच्या पाठीतला काळा दोरा काढतो तसा."

मी म्हटलं, "हे हातातले आहेत, ताई. मेंदूत असे लाखो पेशींत आहेत."

तिनं डोळा भिंगावरून हलवला नाही.

"मंग येकेक करून काढा, बाई. मी थांबते."