घोडीचा घाम

त्या हिवाळ्यात मी दोन मालकांची चाकरी करत होतो. एक जिनिंगचा मॅनेजर आणि दुसरे आमचे आबा, म्हणजे माझे वडील. मॅनेजर निदान महिन्याला पगार द्यायचा.

आमचं गाव चाळीसगावहून धुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. ऐंशीचं दशक संपत आलेलं. चाळीसगावच्या बाहेर कापसातून सरकी काढायची एक जिनिंग होती, तिथे मी काट्यावर क्लार्क होतो. गाडी आली की भरलेली तोलायची, रिकामी तोलायची, पावती फाडायची. काम हंगामी. दिवाळीनंतर सुरू, होळीला बंद. त्या वर्षी मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, की हंगाम नीट काढलास तर तुला कायम करतो. नीट म्हणजे वेळेवर. सकाळी आठला काटा उघडला पाहिजे, कारण बैलगाड्या रात्रीपासून रांगेत उभ्या असतात आणि शेतकरी तापलेले असतात. तीन वेळा उशीर झाला की कायमचं विसरायचं. डिसेंबर लागेपर्यंत माझे दोन उशीर होऊन गेले होते, आणि दोन्ही घोड्यांपायी.

घोडे म्हणजे दोन घोड्या. आबांनी हयातभर दारात घोडी ठेवली. वरातीला दिली नाहीत, टांग्याला जुंपली नाहीत. दरसाल सारंगखेड्याच्या यात्रेला जायचे, घोड्यांचा बाजार हिंडायचे, इतरांच्या जनावरांना नावं ठेवायचे आणि आपली घोडी नाचवत परत यायचे. एवढाच उद्योग. घोड्यांना नावं नव्हती. एक पांढरी, ती मोठी. दुसरी तांबडी, ती धाकटी. माझी बायको लग्न होऊन आली तेव्हा आठवडाभर मोठी रुसली, धाकटी रुसली असं ऐकत होती. मग एके दिवशी तिने मला विचारलं, की मोठी झाली, धाकटी झाली, मग मी कितवी? आबा ओसरीवर होते. ते पोट धरून हसले. सुनेशी मोकळेपणाने हसलेलं मी त्यांना तेव्हाच पाहिलं.

कोजागिरीनंतर आबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात गेला, पाय गेला, जीभ जड झाली. जळगावला दवाखान्यात पंधरा दिवस काढून त्यांना घरी आणलं आणि ओसरीवर खाट टाकली, कारण घरात निजायला ते तयार होईनात. खाटेवरून गोठा दिसत होता. एकुलता एक मुलगा मी. दोन्ही घोड्या माझ्या गळ्यात पडल्या. मी म्हटलं, विकून टाकू. तर नात्यातले सगळे माझ्यावर तुटून पडले. बापाचा जीव त्या घोड्यांत आहे, घोड्या गेल्या तर म्हातारा आठ दिवस काढायचा नाही. सांगणाऱ्यांपैकी एकानेही शेणाची पाटी उचलली नाही, हे सांगायला नकोच.

घोडं पाळणं म्हणजे नुसतं चारापाणी नव्हे. गाय उभी राहते, म्हैस बसून राहते, घोडं रोज पळवावं लागतं. त्यातून हिवाळ्यात खुराक वाढवायचा. भिजवलेला हरभरा, बाजरी, वर गूळ. एवढं खाऊन ते नुसतं बांधून ठेवलं तर खाल्लेलं त्याच्याच जिवावर उठतं. हे मला लहानपणापासून माहीत होतं. आबा घोकून घ्यायचे.

मग माझा दिवस असा सुरू व्हायचा. पहाटे साडेचारला उठायचं. खानदेशातली थंडी लोकांना खोटी वाटते. लोक म्हणतात, तुमच्याकडे नुसतं ऊन. एकदा डिसेंबरात पहाटे घोडीच्या पाठीवर बसून गावच्या नदीच्या वाळूत उतरा म्हणावं, बोटं लगामाला चिकटतात की नाही बघा. मोठीवर मी बसायचो, धाकटीला दोराने सोबत घ्यायचो. वाळूत अर्धा तास पळवायचं, अर्धा तास चालवायचं, घरी येऊन तरटाने पुसायचं, खरारा करायचा, दाणा घालायचा, आणि मग सायकल. सात किलोमीटर. काट्यावर पोचलो की गाडीवाले घोड्याच्या वासाने नाक मुरडायचे. एकाने तर तोंडावर विचारलं, की साहेब, घोड्यावरून येता की घोड्याखालून? सगळी रांग हसली. मी पावती फाडली. दुसरं काय करणार?

या सगळ्यावर कडी म्हणजे आबांची तपासणी. नदीवरून आलो की दोन्ही घोड्या खाटेजवळ न्यायच्या. आबा डावा हात काढायचे आणि घोडीच्या छातीखाली, पुढच्या दोन पायांच्या मध्ये, पंजा लावायचे. घाम लागला तर मान हलवायची. कोरडं लागलं तर भिंतीकडे तोंड फिरवायचं आणि दुपारपर्यंत सुनेच्या हातून घासही घ्यायचा नाही. मुकादम पुष्कळ पाहिलेत मी, पण खाटेवर पडून, अर्ध्या अंगाने, एक शब्द न बोलता राबवून घेणारा मुकादम एकच. मला त्या हाताची चीड यायची. खरं सांगतो, कधीकधी वाटायचं की वारं डाव्या अंगावरूनही जायला हवं होतं. असं वाटलं की स्वतःचीच शिसारी यायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच वाटायचं.

जानेवारीत कापूस एकदम लोटला. गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली. रात्री दहाशिवाय सुटका नाही, घरी पोचून जेवेपर्यंत अकरा. साडेचारला उठताना पाय माझे वाटत नव्हते. एका बुधवारी घोड्या घेऊन निघालो आणि नदीकडे जायच्या ऐवजी आमच्या खळ्यात गेलो. खळं गावामागे, दोन शेतं ओलांडून. घोड्या निंबाला बांधल्या. म्हटलं, पाच मिनिटं बसतो. कडब्याच्या गंजीला टेकलो, आणि जाग आली तेव्हा उजाडलं होतं.

बोंबला! नदीवर जायला वेळ नव्हता, आणि कोरडी घोडी घेऊन आबांसमोर जायची छाती नव्हती. खळ्याशेजारी विहीर होती. थंडीत विहिरीचं पाणी कोमट असतं. मी बादली काढली, तरट भिजवलं आणि दोन्ही घोड्यांच्या छातीखाली, मानेला, खोगिराच्या जागी ओलं केलं. वरून हाताने चोळलं. दिसायला अगदी घाम. घरापर्यंत थोडं दुडक्या चालीने आणलं, म्हणजे श्वासही जरा वर लागला. खाटेजवळ उभं केलं. आबांनी पंजा लावला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि मान हलवली.

मी सुटलो. एवढं सोपं होतं तर दोन महिने मी कशाला मेलो, असं वाटलं. गुरुवारी तेच केलं. शुक्रवारी जाताना अंगावर घोंगडी घेऊन गेलो. शनिवारी तर उशालाही काहीतरी नेलं. चार दिवस झोप मिळाली आणि मी माणसात आलो. काट्यावर कुणाशी भांडलो नाही. दाणा मात्र मी होता तेवढाच ठेवला. खुराक कमी करावा, तर बायको विचारेल, आबा बघतील, बोभाटा होईल. उलट मनाला खात होतं म्हणून मी दोघींना मूठभर गूळ जास्तच घालत होतो. बापाला फसवणारे पुष्कळ असतील, पण फसवल्याची भरपाई घोडीला गूळ घालून करणारा गाढव मीच.

रविवारी जिनिंग बंद. म्हटलं, चार दिवसांचं आज भरून काढू. मोठी वयस्कर, तिला नुसती हिंडवून आणली. मग धाकटीवर बसलो आणि वाळूत सरळ दौड सोडली. ती तरणी, चार दिवसांची तुंबलेली, अशी सुटली की माझ्या डोळ्यांना पाणी आलं. आणि परत फिरताना ती थांबली. टाच मारली, हलेना. खाली उतरून पाहिलं तर अंगावर घामाचा पूर, मागचे पाय थरथरतायत आणि मांड्यांवरचे पुठ्ठे हाताला लाकडासारखे लागतायत. अर्ध्या मैलाची वाट, पण तिला अंगणात आणायला दीड तास लागला. अंगणात खाटेसमोर येऊन ती जी उभी राहिली, ती तिथेच.

बायकोने शेजारच्या माणसाला मोटरसायकलवर पाठवून ढोरांच्या डॉक्टरांना आणवलं. डॉक्टर भला माणूस. आल्याआल्या कबूल केलं, की माझं काम गाईम्हशींचं, घोडं वर्षातून एखादं बघतो. पोटाला कान लावला, डोळे पाहिले. मग म्हणाले, दोन गोष्टी असू शकतात. पोट धरलं असेल तर हिला चालवत ठेवायला हवं, बसू द्यायचं नाही. पण बांधून ठेवलेल्या घोडीला एकदम पळवल्याने पुठ्ठे धरले असतील, तर पाऊलही टाकू द्यायचं नाही, टाकलं तर जाईल. तेव्हा मला खरं सांगा, रोज फिरवत होता ना?

अंगणात चार माणसं जमली होती. बायको दारात होती. आबा खाटेवरून माझ्याकडे बघत होते. मला खरं माहीत होतं. नुसतं तोंड उघडायचं होतं. मी म्हणालो, "रोज. एक दिवस चुकवला नाही."

डॉक्टर म्हणाले, मग पोटच. चालवा हळूहळू. मी दोर धरला आणि ओढला. धाकटीने माझ्याकडे मान लांबवली, पाय उचलला नाही. पुन्हा ओढलं. ती एक पाऊल सरकली आणि तिच्या तोंडून असा आवाज निघाला की दारातली बायको आत गेली. मला कळत होतं की मी काय करतोय. तरी मी तिसऱ्यांदा ओढलं. मी काही क्रूर माणूस नाही, पण त्या क्षणी मला घोडीपेक्षा माझी लाज जास्त प्यारी होती. यापेक्षा बरं कारण मला आजही सापडत नाही.

तेवढ्यात खाटेवरून तांब्या पडला. आबांनी डाव्या हाताने तो मुद्दाम ढकलला होता. सगळे वळले. आजारानंतर आबा एखाददुसरा शब्द बोलायचे, तोही माझ्या बायकोलाच समजायचा. आता ते मान उचलून डॉक्टरांकडे बघत होते, आणि तोंडातून लाळ गळत असताना त्यांनी एकेक शब्द सुटा करून काढला.

"चार दिन व्हयनात. घोडी उभीच शे."

चार दिवस घोडी नुसती उभी आहे, हे ऐकताच डॉक्टरांनी माझ्या हातातून दोर घेतला. पुठ्ठे दाबून पाहिले, इंजेक्शनं दिली, दाणा बंद करायला सांगितला, घरातल्या होत्या नव्हत्या त्या गोधड्या तिच्या अंगावर टाकायला लावल्या. दुपारी तिने लघवी केली ती काळ्या चहासारखी. आज जगली तर जगेल, म्हणाले, आणि निघून गेले. जमलेली माणसंही गेली. कुणी मला काही विचारलं नाही. गावात त्यापेक्षा मोठी शिक्षा नसते.

दिवसभर मी तिच्याजवळ उभा होतो. पाणी पाजत होतो, गोधडी सरकली की सारखी करत होतो. खाटेकडे बघायची हिंमत नव्हती. संध्याकाळच्या सुमारास तिने मागचा एक पाय उचलून जागच्या जागी टेकवला, आणि थोड्या वेळाने दुसरा. बायकोने चहा आणून दिला आणि म्हणाली, की आबा बोलावतात.

खाटेशी जाऊन बसलो. मला वाटलं, आता डावा हात कानाखाली बसणार, आणि बसावा अशी माझी इच्छाही होती. हात उठलाच नाही. शेवटी मीच विचारलं, की तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं का? त्यांनी तोच पंजा वर केला, ओठांना लावला, जीभ फिरवल्यासारखं केलं.

"घाम खारा ऱ्हास," ते म्हणाले.

विहिरीचं गोडं पाणी मी चार दिवस त्यांच्या हाताला लावत होतो, आणि माझी पाठ वळली की ते पंजा चाखून बघत होते, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा मान हलवत होते. मला एकदम राग आला. माहीत होतं तर बोलला का नाहीत? बुधवारीच भिंतीकडे तोंड का फिरवलं नाही? घोडी मेली असती ना? माझा आवाज चढला होता.

"तुले झोप लागेल व्हती," ते म्हणाले. मला झोप मिळत होती, म्हणून ते बोलले नव्हते. मग गोठ्याकडे बघून, "इकी टाक. दोन्ही."

विकून टाक, या ज्या शब्दासाठी मी दिवाळीपासून तडफडत होतो तो मिळाला होता. नातेवाईकांच्या तोंडावर मारता आला असता. दुसऱ्या दिवशी मी काट्यावर आठच्या ठोक्याला हजर होतो, आणि माझ्या काट्यावर घोड्यांचा एक व्यापारी कापूस घेऊन आला होता. आबांच्या ओळखीचा. घोड्या कशा आहेत, त्याने विचारलं. मी म्हटलं, बऱ्या आहेत, आणि पावती फाडून दिली. मार्चमध्ये मला कायम केलं. घोड्या विकल्या नाहीत. आबा गेल्यावरही विकल्या नाहीत. आणखी सहा हिवाळे मी साडेचारला उठलो, आणि प्रत्येक पहाटे नदीत उतरताना शिव्या घातल्या, थंडीला, वाळूला, कापसाला. पूर्वी आबांना घालायचो. त्या माणसाने मला तेवढीही सोय ठेवली नाही.